मुका हात

कोणतीही वस्तू हातात घेण्याआधी दादा तिच्यावर दोन बोटं वाजवायचा. बाजारातला कोहळा असो, शेजाऱ्याचं नवं कपाट असो की माझा जेवणाचा डबा. आवाज आवडला की म्हणायचा, "बोलते गा!" नाही आवडला तर मान हलवायचा. "मुकं हाये."

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. अंगात एकच कला, पण तेवढ्यावर सगळी गल्ली खूश. आमच्या भंडाऱ्याच्या गल्लीत तो दादा होता आणि त्याच्या भिंतीला लागून मी राहत होतो. भजन मंडळात तो खंजिरी वाजवायचा आणि मी टाळ. टाळवाल्याकडे कोणी बघत नाही. एकदा मी हौसेनं त्याची खंजिरी घेऊन वाजवली. त्यानं डोळे मिटून ऐकली आणि अगदी मायेनं म्हणाला, "तुया हात मुका हाये गा." सगळे हसले, मीही हसलो. पण ते वाक्य माझ्या मनातून कधी गेलं नाही.

आम्ही दोघंही जवाहरनगरला फॅक्टरीत कामाला होतो. भजन असलं की दादा खंजिरी सोबत आणायचा आणि फॅक्टरीच्या बसमध्ये इंजिनच्या झाकणावर ठेवायचा, म्हणजे चामडं तापून ताठ होतं. त्या झाकणावर ड्रायव्हर कोणाला पाण्याची बाटलीही ठेवू देत नसे. दादा चढला की तोच आपला गमछा बाजूला सारायचा. घरीही तेच. माझ्या टाळांचा आवाज आला की बायको टीव्ही मोठा करायची आणि दादाची खंजिरी सुरू झाली की दारात जाऊन उभी राहायची. "काय हात हाये दादांचा!" असं ती मला वाढता वाढता म्हणायची. मी खाली मान घालून जेवायचो.

त्या हिवाळ्यात गल्लीत घरोघरी व्हायरल होतं. सर्दी, खोकला, अंगात कणकण. मी गुमान पांघरूण घेऊन पेज पीत पडून राहिलो. दादालाही ताप होता, पण त्याला कोंढ्याच्या भजन स्पर्धेला जायचं होतं. मेडिकलमधून अंगदुखीच्या गोळ्या आणायच्या, उपाशीपोटी गिळायच्या, खोकल्यानं उलटी होते म्हणून पाणीही प्यायचं नाही, असं त्यानं चालवलं. ताप अंगात घेऊन तो वाजवायला बसला. आमचा पहिला नंबर आला. हार त्याच्या गळ्यात पडला, तोवर उठून बसलेला मी मागे टाळ धरून उभा होतो.

थोड्या दिवसांनी तो बसमध्ये चढला तेव्हा चेहरा चांगला भरलेला. माझे गाल आजारानं आत गेले होते आणि ह्याला आजारही मानवला! मी जरा खोचकच म्हणालो, "तब्येत सुधारली बरं का दादा!"

तो पायाकडे बघत म्हणाला, "काय मालूम गा, चप्पलच घट्ट होऊन राह्यली."

ती सूज होती. लघवीही कमी झाली होती, पण ते त्यानं वहिनींनाही सांगितलं नव्हतं. व्हायरलनं अंग खचलेलं, त्यात त्या गोळ्या, त्यानं किडन्यांना मार बसला, असं डॉक्टरांनी सांगितलं. पुष्कळांच्या सावरतात म्हणे. दादाच्या सावरल्या नाहीत. डायलिसिस सुरू झालं.

सुया टोचून रक्त काढता यावं म्हणून त्याच्या डाव्या कोपराजवळ दोन नसा जोडल्या. त्या हातावर भार नको, दाब नको. खंजिरी डाव्याच हातात धरतात, म्हणून ती माझ्याकडे आली. इतकी वर्षं जे हवं होतं ते मिळालं. पण दादाची तऱ्हा बघा. त्या जोडलेल्या नसेतून रक्त असं जायचं की बोट ठेवलं तर खाली घुर्रर्र वाजायचं. त्यानं अख्ख्या गल्लीला बोट ठेवून दाखवलं. "पाहा, बोलून राह्यली न?" लोक थक्क होऊन जायचे. मी खंजिरी घेऊन बसलेलो आणि गर्दी त्याच्या कोपराभोवती. आजारी माणसाच्या नसेचा हेवा करणारा माझ्यासारखा दुसरा कोणी असेल असं मला वाटत नाही.

पुढे त्याची बोटं बधिर होत गेली. ती नस रोज सकाळी चाचपावी लागे, कारण आवाज थांबला म्हणजे आत रक्त गोठलं. वहिनींवर त्याचा भरवसा नव्हता. "थे भेते गा. तिले सगळंच बोलते वाटते." म्हणून बसच्या आधी तो भिंतीवरून मला हाक मारायचा. मी दोन बोटं ठेवायचो.

"बोलते का?"

"बोलते."

"ठेका कसा हाये?"

"जलद."

मला ते काम आवडू लागलं होतं. एकदा समोरचे मास्तर त्याची नस चाचपताना मला दिसले, तर माझा सगळा दिवस खराब गेला.

मग एक सकाळ आली. मी बोटं ठेवली आणि खाली काहीच नव्हतं. बोटं वर सरकवली, खाली सरकवली. कान लावला. दादा माझ्या तोंडाकडे बघत होता. माझा हात खरोखर मुका असावा असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. दादाच खरा निघावा आणि मलाच कळत नसावं.

"नाही बोलत?"

"नाही दादा."

त्यानं बाही खाली ओढली. मग म्हणाला, "तुले कळते गा. मीच चुकीचं बोललो होतो."

नागपूरला नेलं. नस काही उघडली नाही, मग मानेतून नळी टाकली. नळीच्या जागी जंतू झाले, ताप भरला आणि दादा परत आला नाही.

आता खंजिरी मीच वाजवतो. मागे कोंढ्याला भजन झाल्यावर एक म्हातारबा जवळ आले. "मस्त वाजवलं भाऊ. पण थे दादा रायते तं..." मी नमस्कार केला आणि मनातल्या मनात जळलो. गेला तरी पहिला नंबर त्याचाच.

सकाळी बसमध्ये मी खंजिरी इंजिनच्या झाकणावर ठेवतो. ड्रायव्हर गमछा बाजूला करतो. मग माझी दोन बोटं आपोआप माझ्याच डाव्या कोपराजवळ जातात. धडधाकट माणसाच्या हातात तो आवाज नसतो हे मला माहीत आहे. तरी बस जवाहरनगरच्या गेटात शिरेपर्यंत मी बोटं काढत नाही.