ड्रॅगनचं मामकूळ

एका रविवारी धाकट्या भावजींनी मला विचारलं, "वैनी, मरायला येता का?"

मी लेकराला वरणभात भरवायलते. हात तिथंच थांबला. मला तशी सगळ्याचीच भीती, कुकरच्या शिट्टीची, डोक्यावरनं जाणाऱ्या इमानाची, गावाकडनं सासूबाईंचा फोन आला की त्याच्या वाजण्याची, अन् त्यात घरचा दीरच असं विचारतोय. भावजी हसाया लागले. म्हणले, "खरंखुरं नाय वो, खेळात. आमचा एक गडी पुण्याला नोकरीला गेलाय. एक जण कमी पडायलाय."

तवा आम्ही चिकलठाण्याच्या इमानतळामागं राहायचो. आधी तिथं ज्वारी व्हायची म्हणं, आम्ही आलो तवा चुन्याच्या रेघा मारलेले प्लॉट होते अन् मधी मधी आमच्यासारखी पत्र्याची घरं. ह्ये, म्हणजे लेकराचे पप्पा, शेंद्र्याला कंपनीत, त्यांचा रविवार बी ओव्हरटाइमात जायचा. पावसानं दुसऱ्या वर्षी बी पाठ फिरवलेली. टँकर कधी येणार ते टँकरवाल्यालाच ठाऊक. मी आपली दिवसभर लेकराशी बोलायची, नायतर भांड्यांशी.

रविवारी दुपारी भावजी अन् त्यांचे कॉलेजातले दोन दोस्त पुढच्या खोलीत चटई टाकून बसायचे. खेळ असा, की भावजी गोष्ट सांगणार, बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक माणूस होणार अन् "मी आता हे करतो, मी आता ते करतो" म्हणणार, अन् जमलं का फसलं ते फासा सांगणार. फासा बी साधा नाय, वीस तोंडाचा. मी म्हणलं, मी सातवीतनं शाळा सोडलेली, तुमचं पुस्तक इंग्रजी, मला काय कळणार? भावजी म्हणले, "ड्रॅगनला तरी कुठं इंग्रजी येतंय?"

मंग मी बी म्हणलं, "येते. पण खेळायला येणाऱ्यानं घरनं एक कॅन पाणी आणायचं."

एक दोस्त शहागंजाकडचा, तो कळवळला, "अरे वैनी, ऐसा नको करो ना, गाडीवरनं कॅन कैसा आणायचा?" पण आणायला लागला. दोघांच्या बी घरी बोअर होता.

मला वैदीण केलं. जंगलातली बाई, झाडपाल्यानं जखमा बऱ्या करणारी. अन् भावजींनी वहीत ड्रॅगनची खानदानं लिहून काढलेली, ती मला वाचून दाखवली. एक रंगाचं खानदान. लाल आग फेकतो, हिरवा इखारी वाफ सोडतो, पांढरा बर्फ थुंकतो. हे सगळे बदमाश. दुसरं धातूचं खानदान. तांब्याचा, पितळंचा, चांदीचा. हे सगळे भले.

मी म्हणलं, "भावजी, ही खानदानं हायत का माझी भांड्याची मांडणी? तुमचा तो पितळंचा चिंच लावून घासला का कधी?"

"वैनी, हसू नका, तो आठशे वर्षाचा हाय."

"मंग तर घासायलाच पायजे. अन् तो पांढरा बदमाश जरा हिकडं धाडा, माझं पिंप रिकामं हाय."

पहिल्याच दिवशी पुढं हिरवा ड्रॅगन आला. भावजींनी आवाज असा घोगरा केला की लेकरू मला चिकटलं. दोघं दोस्त लागलीच तलवारी काढायले. भावजी म्हणले, "वैदीण काय करणार?" आता मी काय करणार? आम्ही मेंढरंवाले. परमुलखात मेंढरं घेऊन गेलं अन् समोर अनोळखी माणूस आला की आमची माणसं काठी उगारत नायत, आधी पावणंरावळं काढतेत. मी घाबरून तेच केलं.

"पावणं, कुठलं म्हणायचं? मामाचं गाव कोणतं?"

भावजी पुस्तकाकडं बघायले, मंग माझ्याकडं बघायले. "वैनी, त्याला मामा नसतो."

"मामा नसतो? त्याच्या आईला भाऊ नव्हता व्हय एक बी?"

शहागंजवाला चटईवर आडवा पडून हसायला. पण मी फासा टाकला अन् पडले एकोणीस, म्हणजे ड्रॅगनला बोलावंच लागलं. भावजी घाम पुसत म्हणले, मामा हाय, पलीकडच्या डोंगरातला. मंग मी मामी इचारली. तलवारी पुन्हा म्यानात गेल्या, कारण मामाच्या गावावरनं निघालं की शहागंजवाल्याच्या गड्यानं त्या मामाला एकदा मदत केलेली. पुढच्या रविवारी भावजी डोळे लाल करून आले. आठवडाभर रातीचं जागून त्यांनी सगळ्या ड्रॅगनला मामकूळ काढलेलं. तांब्याचे चांदीवाल्यांना पोरी देतेत, पितळवाल्यांना नाय देत, जुनं भांडण हाय. मीच त्यांना सांगितलं, "भांडण कशावरनं ते बी लिहून ठेवा, मी इचारणार."

मला ती चटईवरची जागा लई आवडाया लागली. दाराच्या बाजूला, पाठ भिंतीला, लेकरू मांडीत. तिथं बसलं की मी काय बोलते ते ऐकायला तीन माणसं थांबायची. असं माझं कधीच झालं नव्हतं. अन् आवडाया लागली तशी भीती बी वाढली. सून तीन पोरांत बसून फासे टाकती हे सासूबाईंना कळलं की झालं, जागा गेली. ह्यांना मी सांगितलं होतं, ते नुसते म्हणले, "आईला कळू देऊ नको म्हणजे झालं."

अन् एका रविवारी फासाच दिसंना. चटई झटकली, वही झटकली. लेकराचे गाल फुगलेले. मी त्याचे पाय धरले, उलटं केलं, पाठीवर थापा मारायले, ओरडायले, दोस्त ओरडायले, लेकरू तर काय बोंबलतच होतं, अन् तेवढ्यात दारात गाठोडं घेऊन सासूबाई. गावात प्यायला पाणी उरलं नव्हतं, मेंढरं थोरल्या भावजींनी गोदाकाठाला नेली, अन् त्या न सांगता निघून आल्या. त्यांना मी आत्या म्हणते, आमच्यात तसंच म्हणतेत.

आत्यांनी गाठोडं टाकलं, लेकरू माझ्या हातातनं घेतलं, कोकराचं तोंड उघडावं तसा अंगठा गालात घातला अन् फासा बाहेर काढला. साडीला पुसला. उन्हात धरून फिरवला.

"हे काय हाय?"

भावजी म्हणले, "आई, अभ्यासाचं हाय."

"अभ्यास तुझा. मंग हिला का घाम फुटलाय?"

सांगावंच लागलं सगळं. आत्या रागावल्या नायत, ते जास्त भ्यावाचं होतं. नुसतं म्हणल्या, "सुनंनं गड्यांत बसू नये. एक माणूस कमी पडत असंल तर मी बसते." अन् माझ्या जागेवर, माझ्या भिंतीला पाठ लावून बसल्या. मी लेकरू घेऊन आत गेले. कणीक मळायला घेतली. पाणी मोजून घालायचं ते बी इसरले, सगळी सैल झाली.

बाहेरनं सगळं ऐकू यायचं. गोष्टीत लाल ड्रॅगन एका गावच्या बारवेवर बसलेला, कुणाला पाणी घेऊ देईना.

"लाल म्हणजे लई बेकार खानदान, आई," भावजी समजावायले.

"रंगावरनं काय कळतंय? काळ्या मेंढीला पांढरं कोकरू झालेलं म्या पाह्यलंय. दात किती त्याला?"

पानं उलटल्याचा आवाज. "दाताचं नाय लिहिलं."

"मंग एवढं जाड पुस्तक कशाचं लिहिलंय? दुधाचे दात असतील तर आदत, बारकंच हाय, आईला चुकलेलं असंल, पाणी पाजून वाटंला लावायचं. सगळे दात जुळले असतील, पुरा वाढलेला असंल, तर लांबनंच रामराम."

"चाची, आप्पुन लांबनंच रामराम करू ना," शहागंजवाला म्हणला.

"दात बघितल्याबिगर? ही वैदीण जाईल अन् तोंड उघडून बघंल."

भावजींचा आवाज उतरला. "आई, पंधराच्या वर पडलं तर ठीक. नायतर वैदीण मेली. कायमची."

"मरू दे की. दुसरी घेऊ."

मला काय झालं कळलं नाय. मी दारात उभी, दोन्ही हाताला कणीक, अन् तोंडातनं निघून गेलं, "आत्या, थांबा! ती माझी हाय!"

लग्न झाल्यापासनं त्यांच्यापुढं माझा आवाज कधी चढला नव्हता. मला वाटलं आता गाठोडं माझंच बांधलं जातंय. आत्यांनी मला वरनं खालपर्यंत बघितलं.

"तुझी हाय, तर मंग आत काय करायलीस?" त्या थोड्या सरकल्या. जास्त नाय, एक माणूस अंग चोरून बसंल एवढ्या. "बस. म्या दात बघते, तू त्याला बोलण्यात गुंतव."

मी बसले. खांद्याला खांदा लागला, त्यांच्या अंगाला अजून मेंढरांचा वास. मी घोगऱ्या लाल ड्रॅगनला मामाचं गाव इचारलं अन् कणकेच्या हातानं फासा टाकला. तो चिकटत चिकटत लवंडला अन् अकरावर थांबला.

भावजींनी लई वेळ पुस्तक चाळलं. मला मारायचं त्यांच्या जिवावर आलेलं, ते दिसत होतं. शेवटी म्हणले, "दात जुळलेले निघाले. वैदीण वाचली. पण डावा हात गेला."

"म्हणलं नव्हतं, आधी दात बघा?" आत्या म्हणल्या, जसं काय हात घालायला दुसऱ्याच कुणी सांगितलं होतं.

"आता एका हातानं जखमा कशा बांधणार वैदीण?" एका दोस्तानं इचारलं.

आत्यांनी रांगत आलेलं लेकरू उचलून माझ्या डाव्या काखंत दिलं. "एवढी बारकी पोरं हायत घरोघरी. कोणच्या बाईला दोन हात मोकळे असतेत रे?" अन् भावजींकडं वळल्या. "मला बी एक माणूस दे त्यात. वैदीण नको, ती हिची हाय. मला मेंढरं असलेली दे."