बांधाची पलीकडची बाजू

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात त्या झोक्यावर बसायला. त्या वर्षी मी मात्र सुरतेहून ब्राह्मणपुरीला उतरले ती अर्जांची काळजी घेऊनच. माझ्या वडिलांचे, आबांचे, दोन अर्ज मी भरले होते, सातवीत शाळा सुटलेल्या हातानं. एक सेंद्रिय शेतीच्या अनुदानाचा, दुसरा बांधावरची झाडं-गवत राखण्याच्या मोबदल्याचा. शेत एकच, दीड एकराचं. एकापायी दुसरा बाद झाला तर? आबांनी एवढी वर्षं औषधाला हात लावला नव्हता, तण हातानं उपटलं होतं.

शेजारच्या शेताचे काका ओट्यावर बसून हसायचे, "एकच गाय दोनदा दोही ऱ्हायनात का रे भो?"

पाहणीला कृषी खात्याचे साहेब येणार त्या सकाळी मी सगळ्यांआधी शेतात गेले. बांधावर गुडघाभर वाळलं गवत. पेरणीआधी बांध पेटवून मोकळा करायचा, हे लहानपणापासून पाहिलेलं. राखायचं ते हिरवं, वाळलेलं म्हणजे कचराच, असं समजून म्हटलं, साहेबांना शेत नीटनेटकं दिसू दे. काडी लावली.

आबा ओलं पोतं घेऊन धावत आले. "हाई काय करी बठनी व माय! त्या गवतनाच पैसा भेटतस!"

आग विझली तोवर बांधाची आमची बाजू निंबाच्या झाडापर्यंत काळी झाली होती. रागवायचं सोडून आबांनी आधी माझे हात भाजले नाहीत ना ते पाहिलं. ते उपकार मी अजून विसरले नाही.

साहेबांनी विचारलं तेव्हा मीच पुढे झाले. "मी जाळलं. पण तसेही एका शेताला दोन्ही अर्ज चालतात का?"

"अहो ताई, दोन्ही मिळतात. अनुदान पिकाचं, मोबदला बांधाचा. पण शेजारचा फवारा अडवायला सेंद्रियवाल्यांनाही गवताची पट्टी लागते. बांधच जाळलात तर दोन्हीकडून काय लिहू मी?"

एका काडीत दोन्ही गेलं. मग साहेब वाकून पलीकडे बघू लागले. बांध सामाईक, काकांच्या बाजूचं गवत तसंच उभं होतं.

"ही बाजू राखायला शेजारी तयार असतील तर चालेल. त्यांची सही लागेल."

धूर बघून काका आलेलेच होते. आता हा माणूस हसणार, असं वाटून मी खाली मान घातली.

"यंदा मी बांध जाळस नही," काका म्हणाले. "कोठे सही करू?" आणि हळूच मला, "आग मन्हाकडे उनी नही, हाई तुन्हं नशीब!"

पावसाळ्यात, मी कामाला होते त्या सुरतेच्या शिलाई कारखान्यात आबांचा फोन आला. "दोन्ही मंजूर व माय! दोन्ही!" मशीन चालू ठेवून मी उभी राहिले आणि अशी ओरडले की बाजूच्या बाईच्या हातातली साडी सुटली.

पलीकडे फोन काकांनी ओढून घेतला होता. "आखाजीले येशी तवय मन्हा बी फारम भरी दे."

"काका, एकच गाय, दोनदा?"

"दोनदा, माय, दोनदा! फक्त आगपेटी सुरतलेच ठेवीसन ये."