सुनेच्या वतीनं मी दिलेली उत्तरं

मार्चमधला दुसरा मंगळवार. लोहाऱ्याला जाणाऱ्या जीपचं भाडं, दोघांचे साठ रुपये. आरोग्य केंद्रात हजर: डॉक्टर मॅडम, सिस्टर, मी आणि आठ महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली माझी सून.

गावातल्या आशाताईंनी घरी येऊन सांगितलं होतं, मूल हवं असेल तर दिवस राहायच्या आधीच तपासून घ्या. बायको बिथरली. "अजून काही न्हाय अन् आत्ताच दवाखाना? लोकं म्हणतील, पोरीत काय खोट हाय." मुलगा पुण्याला कंपनीत, खोली मिळेपर्यंत सून आमच्याजवळ. शेवटी मीच तिला घेऊन निघालो.

सिस्टरनं वजन, रक्तदाब घेतला, रक्त काढलं. मग मॅडम सुनेला विचारायला लागल्या. आमच्याकडं सून सासऱ्यासमोर बोलत नाही, म्हणून उत्तरं मी दिली. आधीचा काही आजार? नाही. गोळ्या चालू आहेत? नाही. जेवण? व्यवस्थित.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "काका, दिवस तुम्हाला राहणार आहेत का?"

सिस्टर तोंड फिरवून हसली. मी बाहेर बाकावर जाऊन बसलो.

बऱ्याच वेळानं मला आत बोलावलं. सुनेच्या हातात गोळ्यांची पट्टी होती. तिला विचारूनच मॅडमनी मला सांगितलं. तिला नववीत असल्यापासून फिट येते. गोळी चुकवू नको आणि कुणाला दाखवू नको, असं आईनं बजावून तिला सासरी पाठवलं होतं. शिलाई मशीनच्या खणात पट्टी ठेवून ती रोज गोळी घेत होती, माझ्याच घरात.

"या गोळीवर असताना दिवस राहिले तर बाळाला व्यंग येऊ शकतं," मॅडम म्हणाल्या. "पण मनानं बंद केली तर हिच्याच जिवाला धोका. आधी मेंदूच्या डॉक्टरांकडून औषध बदलून घ्यायचं, मूल त्यानंतर."

आठ महिने मी आणि बायको पाळण्याची वाट बघत होतो.

घरी कळल्यावर बायको म्हणाली, "फसवलं आपल्याला. बापाला बोलवा तिच्या, घेऊन जा म्हणावं."

मी मुलाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. सगळं सांगितल्यावर तो शांतपणे म्हणाला, "मला ठाऊक हाय, बाबा. लग्नानंतर आठवड्यातच तिला फिट आली होती."

"मग बोलला का न्हाईस?"

"आई आत्ता जे म्हणत असंल, तेच तवा म्हणाली असती. पण बाळाला अपाय होतो, हे न्हवतं ठाऊक."

मी फोन ठेवला. दारात उभी असलेली सून माझ्यासमोर पहिल्यांदाच बोलली. "मामा, माहेरी धाडायचं तर धाडा. पण आता मी गोळी लपून घेणार न्हाय."

संध्याकाळी बायकोनं सुनेला हाक मारली. "ती पट्टी आण इकडं. जेवल्यावर घ्यायची का आधी?"

शुक्रवारी आम्ही तिघं सोलापूरला गेलो. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, पेशंटसोबत कोण?

"सासू. लिहा," बायको म्हणाली.

मी खिशात हात घातला, तोवर बायकोनं आपल्या बटव्यातून मेंदूच्या डॉक्टरांच्या फीचे आठशे रुपये काढून त्या बाईंच्या हातात दिले होते.