वयनीच्या वावरातली पन्नी

हे मी आजवर कोणाले बोललो नाई. बायकोले नाई, पोराले नाई. देवापुढं उभा राह्यलो तरी हे सोडून बाकीचंच बोललो. आता तुमाले सांगून राहिलो, तर मधात टोकू नका. टोकलं की मी अडतो, माहा स्वभावच तसा.

आमचं गाव अकोला-बाळापूर रस्त्यावरचं. आता गावातही कचऱ्याची गाडी येते, भोंगा वाजवत. नात मले रोज शिकवते — आबा, ओला कचरा इकडं, सुका तिकडं. वांग्याचं देठ कुजते, प्लास्टिकची पन्नी कुजत नाई. अरे, सारा जनम मातीत गेला माहा. कुजणं म्हणजे काय, हे मले पोरीनं सांगावं? डोकं फिरते. पण खरं सांगू? चीड पोरीची नाई. तिनं पन्नी म्हणलं की मले एक वावर दिसते.

आमच्या काळ्या मातीचा मले लय गर्व. ही माती काय पचवत नाई? शेण, पऱ्हाटीच्या मुळ्या, अंबाडीचे दोर, फाटकं धोतर — सारं टाका, पुढच्या पेऱ्याले दिसत नाई. बाप म्हणे, काळी सारं गिळते. बापाच्या वेळी ते खरं होतं. त्याच्या वेळी पन्नी कुठं होती? हे मले समजत नव्हतं काय? समजत होतं. तिथंच तर सारं अडते.

सिंधू वयनी म्हणजे माह्या मैतराची बायको. मैतर गेला, वावर पडीक राहू नये म्हणून तिनं ते मले बटईनं, पिकाच्या वाट्यावर, देल्लं. माह्या वावराले लागूनच आहे. मी मिरची लावली, मातीच्या बेडवर तण दबाले मल्चिंगची पन्नी अंथरली — वरून चांदीसारखी, खालून काळी. मिरची चांगली झाली. वयनीनं आधीच म्हणलं होतं, “भाऊजी, वावर वापस देसान तवा ते पन्नी तेवढी उचलून द्या. मले सांबार टाकाचा हाय.” आपल्या हातानं सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, लावाचा आन् अकोल्याच्या बाजारात आपणच विकाले बसाचं — तिच्या मनात तेवढंच होतं. मी हो म्हणलं.

मिरची निघाली. तोवर उन्हानं पन्नीचे तुकडे पडले होते. वेचायची म्हणजे वाकून वाकून एकेक चिंधी. पोरगा म्हणे, “बाबा, हे वेचाच लागते. दुकानदारानंही सांगतलं, हे सडत नाई.” त्यानं सांगतलं म्हणूनच मी अडलो — काय म्हणावं या डोक्याले? “मले शेती शिकवतं काय रे?” म्हणलं, आन् ट्रॅक्टरवर बसून रोटावेटर घातलं. चिंध्या उडताना दिसल्या. पात्यात गुंडाळल्या तवा मीच उतरून कापून काढल्या, आन् तिथंच मातीत टाकल्या. वावर वरून कसं, न्हाऊन बसल्यासारखं दिसे. तसंच तिच्या हवाली केलं.

वयनीनं सांबार टाकला. कुठं उगवला, कुठं नाई. पाणी साचलं तिथं पिवळा पडला. तिनं उकरून पाह्यलं. मंग चहाच्या टपरीवर आली, चार माणसांत, पदरात चिंध्या घेऊन. “भाऊजी, हे काहून राह्यली?”

एवढंच इचारलं. भांडली नाई. “राह्यली” म्हणलं असतं तर काय गेलं असतं माहं? पण मी म्हणलं, “आमी सारी उचलली वयनी. वाऱ्यानं आली असंन कुठून. आन् सांबार काई पन्नीनं जात नाई, त्याले हात लागते.” टपरीवरचे हसले. एकजण म्हणे, “बाईनं निंदाले जावं, पेराले नाई.” तिनं पदर झटकला नाई. चिंध्या तशाच घेऊन गेली.

पुढच्या हंगामात तिनं पेरलंच नाई. लोकाच्या वावरात निंदाले जाऊ लागली. मधात एकदोनदा वाटलं, जाऊन वेचून टाकावी ती पन्नी. दोन वावरांच्या मधात धुऱ्याचा बांध तेवढा. पण वेचताना कोणी पाह्यलं तर? — असा मी. एवढ्या मोठ्या मिशा ठेवून.

गेल्या आठवड्यात माह्या वांग्यात बाया निंदून राहिल्या होत्या. त्यात वयनी. एका नव्या बाईनं इचारलं, “सिंधूबाई, ते बाजूचं वावर तुमचंच ना? पडीक काहून ठेवलं?”

“नाई वं, ते माती मेली हाय,” वयनी म्हणे. “माह्या हातानं त्यात काई होत नाई.”

चिडून नाई, रडून नाई. औंदा पाऊस कमी आहे म्हणावं, तसं. मी धुऱ्यावर उभा होतो, पाण्याचा पाइप धरून. खरं सांगाले तोंड उघडलंही होतं. पण “बाया हो, त्या कोपऱ्यातलं तण राह्यलं,” असं म्हणलं.

माती मेली नाई. तिचा हातही चांगला होता. पन्नी मी गाडली, आन् खोटं मी बोललो.