बाळाच्या सीटमधलं थर्मोकोल

गाड्यांच्या सीट शिवण्यात उस्तादांचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हे त्यांना जरा जास्तच ठाऊक होतं. तीस वर्षं तेच काम. कंपनीतून आलेली सीट त्यांना नेहमी अर्धवट वाटायची.

मुलीनं बाळासाठी कारसीट आणली. चार दुकानं पालथी घालून, पट्टे ओढून बघून तिनं ती निवडली होती. उस्तादांनी कव्हर उचकटलं, तर आत डोक्याच्या दोन्ही बाजूंना थर्मोकोल!

"बडा घर पोकळ वासा! टीव्हीच्या खोक्यातलं हे माझ्या नातवाच्या डोक्याशी?"

थर्मोकोल कचऱ्यात गेलं. त्या जागी जाड, मऊ स्पंज आला, वर मखमल. बाळ त्यात असं झोपायचं की बघणारा हरखून जावा. ते बघून शेजारच्या मास्तरीणबाईंनीही आपल्या लेकीची सीट तशीच करून घेतली.

चार महिन्यांनी बाळ वाढलं, पट्टे वर घ्यायला मुलगी दुकानात निघाली. कौतुक ऐकायला उस्तादही गेले. दुकानदारीणबाईंनी सीटची बाजू दाबली आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

"यातलं थर्मोकोल कुठंय?"

"फेकलं," उस्ताद ऐटीत म्हणाले.

"अहो काका, गाडी आदळली की धक्का तेच खातं! ते चेपतं म्हणून डोकं वाचतं. स्पंज दबला की बाळाचं डोकं थेट प्लास्टिकवर. या सीटमध्ये बाळाला पुन्हा बसवू नका."

उस्तादांच्या पायाखालची जमीन सरकली. चार महिने! त्यांनी मुलीकडे पाहिलं. बाळाला छातीशी घट्ट धरून ती बापापासून एक पाऊल लांब सरकली. ते पाऊल त्यांच्या फार जिव्हारी लागलं. तेवढ्यात मास्तरीणबाई आठवल्या आणि त्यांना दरदरून घाम फुटला. त्यांनी लगेच फोन लावून स्पीकरवर टाकला.

"उस्ताद! शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला, आत्ताच तुमचं नाव काढलं. आम्ही हायवेवर आहोत, हे गाडी चालवतायत. लेक मागे गाढ झोपलीय, तुमच्या गादीची कृपा!"

"बाई, गाडी बाजूला घ्या. आधी घ्या, मग सांगतो."

गाडी थांबली. मग उस्तादांनी सगळं सांगितलं, आपली चूक कुणावर न ढकलता.

"मग मांडीवर घेऊ का तिला?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

दुकानदारीणबाईंनी जोरात मान हलवली.

"नको! मांडीवर तर मुळीच नको, धक्क्याला हातातून सुटेल," उस्ताद फोनवर म्हणाले.

"उस्ताद, हे थर्मोकोल काढलं तर चालेल ना, असं मी तेव्हा विचारलं होतं. तुम्ही हसला होतात," मास्तरीणबाई म्हणाल्या.

ते हसणं त्यांना स्पष्ट आठवत होतं. मान वर करायची त्यांची हिंमत होईना.

"हो, हसलो होतो," ते म्हणाले. "गाडी तिथून हलवू नका. मी चांगली सीट घेऊन येतो."