नापास नमुना फोनवर कसा सांगावा

प्रयोगशाळेत प्रत्येक नमुन्याची नोंद होते, किश्श्यांची होत नाही. तरीही साठतात तेच जास्त! एम.एस्सी. झाल्यावर मी कन्नड मुलखातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा धातू-चाचणी लॅबमध्ये सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर रुजू झाले. आमच्या प्रमुख सरोजाक्का. शहरातल्या बसवनगुडी भागातल्या जुन्या मराठी घरातल्या. त्यांचा नियम एकच: नमुना नापास झाला, तर ईमेलच्या आधी फोन करायचा, आणि तोही ज्याने चाचणी केली त्यानेच.

"आपल्या पोराचा निकाल आपल्याला कसा कळावा वाटतं? तसं सांगायचं. सरी? कळलं ना?"

*

माझा पहिला फोन. पलीकडे एका कारखान्याचे मालक. मी कन्नडमध्ये, पण अत्यंत काळजीपूर्वक सुरुवात केली. "प्राथमिक निरीक्षणांवरून असे दिसते की, काही मर्यादा गृहीत धरल्यास..."

चार मिनिटांनी ते म्हणाले, "मॅडम, पास का फेल?"

"फेल."

"एवढंच ना! मला वाटलं लॅबला आग लागली!"

*

नमुना घेऊन येणाऱ्याला आधी खुर्ची आणि कॉफी, ही आमचे तंत्रज्ञ नागराजअण्णा यांची पद्धत. एकदा एक गृहस्थ कॉफी पिऊन, आभार मानून निघूनही गेले. अक्कांनी विचारले, "त्यांचा नमुना कुठंय?"

"नमुना नव्हता. शेजारच्या गल्लीचा पत्ता विचारायला आले होते."

"मग कॉफी?"

"कॉफी माणसाला देतो मी अक्का, नमुन्याला नाही!"

*

माझ्या चुका कोणी लेखी आणि सविस्तर दाखवल्या, तर मला आवडते. म्हणून मी अण्णांच्या नोंदवहीत अकरा ठिकाणी लाल शाईने शेरे लिहिले. दोन दिवस अण्णा माझ्याशी बोलले नाहीत.

अक्का म्हणाल्या, "तुला आवडतं म्हणून त्यांनाही आवडेल? स्वल्प विचार करायचा, मग पेन उघडायचं!"

तिसऱ्या दिवशी वही परत आली. सर्व दुरुस्त्या केलेल्या होत्या. माझ्या शेऱ्यांतल्या दोन चुकाही, हिरव्या शाईने!

*

प्रोबेशनच्या शेवटच्या आठवड्यात, माझे कायम होण्याचे पत्र अक्कांच्या सहीसाठी टेबलावर असताना, मला आढळले की गिरीश नावाच्या फाउंड्रीमालकांना मी आदल्या दिवशी चुकीचे 'नापास' कळवले होते. आकडेमोडीत मी दुसऱ्याच नमुन्याचे वजन घेतले होते. पुन्हा चाचणी केली. त्यांचे कास्टिंग, म्हणजे भट्टीतला ओतीव भाग, पास होते.

अक्कांना सांगितले. त्यांनी पत्राकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि मी गिरीश यांना फोन लावताच स्पीकर सुरू केला.

"सर, तुमचा नमुना पास आहे. चूक माझी होती."



"मॅडम, काल मी भट्टीवरच्या मुनियप्पांना सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोललो. वीस वर्षं आहेत ते माझ्याकडे." मग गिरीश ओरडले, "मशीन बंद करा! सगळे इकडे या!" एकेक यंत्र थांबत गेल्याचे आम्हाला ऐकू आले. "मॅडम, फोन स्पीकरवर आहे. आता पुन्हा सांगा."

मी उभी राहिले आणि पुन्हा सांगितले. नाव घेऊन मुनियप्पांची क्षमा मागितली.

पलीकडून एक वयस्क आवाज आला, "असू दे, अम्मा. पण यामुळे तुमची नोकरी जाणार नाही ना?"

मी अक्कांकडे पाहिले. त्यांनी फोन स्वतःकडे ओढला.

"नाही जाणार, अण्णा. आणि हिला जे ओरडायचं, ते मी सगळ्यांसमोर नाही, हिला एकटीला बोलावून ओरडेन!"