नुसती वाचायची फ्लॉपी

सोमवारी सकाळी सव्वासातला दस्तगीरभाई गेले. खाटेजवळ आम्ही तिघे होतो, त्यांच्या पत्नी रजियाभाभी, भाभींचा भाऊ आणि मी. त्याला सहा आठवडे झाले. इतके दिवस लिहायचं टाळलं...

सांगलीत नदीकडच्या आमच्या गल्लीत ते माझे शेजारी. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. पावसाळ्यात रोज कराडच्या जुन्या सहकाऱ्याला फोन करून तिथली पाणीपातळी विचारायची आणि घाटावर जाऊन इथली पाणी मोजायची पट्टी वाचायची, दोन्ही आकडे वहीत उतरवायचे, हे त्यांनी शहात्तरपासून एकोणीस वर्षं केलं. कराडात किती पाणी चढलं की आमच्या गल्लीत किती तासांनी शिरतं, ते त्या आकड्यांवरून सांगत आणि अकरा घरं वेळेत सामान हलवत. वह्यांना कसर लागली तेव्हा त्यांनी सगळं टीव्हीला जोडायच्या आपल्या जुन्या संगणकावर चढवलं. तेरा फ्लॉप्या झाल्या, वह्या रद्दीत गेल्या.

यंदा मे महिन्यात छापील प्रत हवी म्हणून त्यांनी एक फ्लॉपी माझ्याकडे दिली. माझ्या कचेरीतला नवा संगणक, त्यांनी कुठूनसा मिळवलेला एक प्रोग्रॅम घातला की, त्यांची फ्लॉपी वाचत असे. देताना म्हणाले, "अण्णा, नुस्तं वाचायचं. लिवायचं न्हाई. तुमच्या मशीनचं डोस्कं बारीक हाय, आमचं जाड."

छापताना एक आकडा खटकला. आमच्या थोरलीच्या जन्माच्या दिवशी ते लग्नाला गावी गेले होते, म्हणून दवाखान्यातून परतताना पट्टी मी वाचली होती. एकतीस फूट चार इंच. यादीत चौतीस फूट एक इंच होतं. चुकलेला आकडा मला बघवत नाही. मी तो दुरुस्त करून सेव्ह केला.

फ्लॉपी परत दिली, पण घरी त्यांचा ड्राइव्ह ती वाचेना. कचेरीतल्या नव्या ड्राइव्हनं फ्लॉपीवरच्या जुन्या रुंद पट्ट्याच्या मधोमध बारीक रेघ लिहिली होती. कडेला जुनं तसंच राहिलं आणि त्यांच्या ड्राइव्हच्या वाचणाऱ्या हेडला दोन्ही एकदम दिसत होतं. हे मला नंतर कळलं, पण आपण लिहिलंय एवढं तेव्हाही ठाऊक होतं. मी बोललो नाही. आपलंच हेड सरकलं असं समजून त्यांनी ड्राइव्ह उघडला, स्क्रू फिरवत राहिले... ती फ्लॉपी कशीबशी वाचली गेली आणि उरलेल्या बारा बंद पडल्या. हेड पुन्हा जागेवर आणणारा माणूस ना सांगलीत सापडला, ना कराडात. तोवर कचेरीनंही तो ड्राइव्ह काढून लहान, कडक फ्लॉपीचा बसवला होता.

श्रावणात पाऊस लागून राहिला. कराडचा आकडा फोनवर आला, पण ताडून बघायला पुरी यादी नव्हती. पाणी कधी येणार, असं गल्लीनं विचारलं. "सांगता येत न्हाई," ते म्हणाले. एकोणीस वर्षांत हे त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मग दोन दिवस ते घाटाच्या पायऱ्यांवर, पट्टीपाशी, गुडघाभर पाण्यात उभे राहिले आणि तासातासाला निरोप पाठवत राहिले. अकराही घरं हलली. त्यांना हुडहुडी भरली ती गेलीच नाही.

चाळिसाव्याचं जेवण झाल्यावर मी भाभींना सगळं सांगितलं. त्या भांडी लावत होत्या, हात थांबला नाही.

"ठावं हुतं त्यांस्नी," त्या म्हणाल्या. "त्या दिवसाची पट्टी तुमीच वाचलेली. आकडा बदललेला दिसला तवाच म्हणाले, अण्णा सांगतील आपणहून. तू इचारू नगंस."

हे कधीचं, मी विचारलं.

"आखाड लागायच्या आधीचं. तुमी दारावरनं गेलासा की बघत बसायचे."

कचेरीला जाताना एकदा, येताना एकदा. रोज दोनदा मी त्या दारावरून जात होतो.